नातीच्या एम.बी.ए.पायी फिरलेली स्मशानं : शहापूर ते धसई

लिहायला फार उशीर झाला, त्याची आधी माफी मागतो. प्रवास वैशाखातला आणि लिहितोय दिवाळी होऊन गेल्यावर. मधल्या काळात दोघा-तिघांनी या पानावर विचारलंही, "आजोबा, बरे आहात ना?" बरा आहे. गोळ्या चालू आहेत. मी कागदावर लिहितो आणि सूनबाई रविवारी टाइप करते, तिला नोकरी आहे, घर आहे. पण उशिराचं कारण ते नव्हे. मधे आमच्याकडे एक प्रसंग झाला. त्याच्याशिवाय हा प्रवास पुरा होत नव्हता म्हणून थांबलो होतो.

मागे त्र्यंबकेश्वरचं लिहिलं तेव्हा राहायची सोय कुठे, दर्शनाला किती वेळ लागतो, हे सगळं सांगितलं होतं. या वेळी देव नाही, किल्ला नाही, धबधबा नाही. या वेळी मी स्मशानं बघत फिरलो. ज्यांना असलं वाचवत नाही त्यांनी इथेच थांबावं. मला राग येणार नाही, मलाही असलं वाचवलं नसतं.

झालं असं. माझी नात सोनल पुण्याला एम.बी.ए. करते. मी सातवी शिकलेला, उमेदीची वर्षं तानसाच्या पाण्याच्या लाइनवर खलाशी, म्हणजे हातकामाचा मजूर, होतो. एम.बी.ए. म्हणजे धंद्याचं मोठं शिक्षण एवढं मला ठाऊक. दुसऱ्या वर्षाला तिने विषय घेतला ऊर्जा, पर्यावरण आणि शाश्वत विकास. मी म्हटलं, "अगं, यात धंदा कुठे आहे? बँकेचा विषय घ्यायचा होतास. बँकेत डोक्यावर पंखा तरी असतो."

"आजोबा, पंख्याला वीज लागते. तोच माझा विषय," ती म्हणाली.

मग तिने समजावून सांगितलं. एखादी गोष्ट करायला किती जळण लागतं, ते कुठून येतं, ते संपल्यावर पुढच्या माणसांनी काय करायचं, हे मोजायचं आणि मग धंद्याने काय करावं ते सांगायचं. मला पटलं असं नाही, पण तिच्या तोंडून ऐकायला बरं वाटलं.

तिला कॉलेजने काम दिलं ते मात्र ऐकून माझी झोप उडाली. एका कारखान्याने देणगी देऊन आमच्या तालुक्यात दोन गावांच्या स्मशानांत लोखंडी शेगडी बसवून दिली होती. कागदावर तिचं नाव सुधारित दाहिनी, गावात सगळे शेगडीच म्हणतात. खाली हवा खेळते, बाजूला पत्रे, त्यामुळे सरणाला लाकूड बरंच कमी लागतं. खरंच लाकूड वाचतं का, ते बघून सोनलने रिपोर्ट लिहायचा होता. रिपोर्ट चांगला आला तर शहापूर-मुरबाडच्या आणखी गावांना शेगड्या मिळणार आणि ते काम बघायला कारखाना बहुतेक सोनललाच घेणार. तिच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या नोकऱ्या तोवर ठरल्या होत्या. हिची ठरली नव्हती.

पण लग्नाची पोर स्मशानात जाऊन विचारणार, लाकूड किती लागलं म्हणून? तिच्या बापाला रजा नव्हती. मी म्हटलं, मी जातो बरोबर. शिवाय शेवटी धसईकडे जाऊन माझ्या मोठ्या बहिणीला भेटता येणार होतं. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाय म्हणतात. बायच्या पोटात पाणी झालं होतं आणि मुरबाडच्या डॉक्टरने घरी न्यायला सांगितलं होतं.

पहिला दिवस तानसाच्या बाजूचा. आसनगावहून शहापूरच्या स्टँडपर्यंत रिक्षा सीटवर मिळते, पाच मिनिटं थांबलं की भरते. तिथून तानसाकडे जाणाऱ्या गाड्या थोड्या आहेत, सकाळची धरावी. मी परतीच्या गाडीची वेळ कंट्रोलरला दोनदा विचारली. दुसऱ्यांदा तो म्हणाला, "बाबा, आजून गेला नाय तोपर्यंत परत यायची घाई?" पाण्याच्या दोन बाटल्या जवळ ठेवाव्यात. रस्त्यात दुकानं नाहीत आणि वैशाखात तिथल्या विहिरींवर हंड्यांच्या रांगा असतात, तिथे प्यायला मागायची लाज वाटते. मुंबईचं पाणी जाणाऱ्या मोठ्या नळाच्या कडेनेच त्या रांगा दिसतात. मी त्या नळावर आयुष्य काढलं, तरी दर वेळी मान वळवतो.

जंगल त्या दिवसांत उघडं पडलेलं असतं. सागाला पान नाही, खाली पाचोळा, टेकडीमागे तलावाचं पाणी खाली गेलेलं. सोनल खिडकीतून बघत होती आणि तुटलेली खोडं मोजत होती. मी मोजत होतो स्टॉप.

गावांची नावं मी लिहीत नाही. लोकांनी विश्वासाने सांगितलं, ते गावाच्या नावाने चव्हाट्यावर मांडावंसं वाटत नाही. पहिल्या गावात गणपतदादा म्हणून भेटले, शेगडी आणण्यात त्यांचा पुढाकार होता. ओढ्याच्या कडेला स्मशान. सोनल कुंपणापाशी थांबली. आमच्याकडे बायका आत जात नाहीत, तिला ते माहीत आहे.

"दादा, मी आत आले तर चालेल? नाहीतर इथूनच बघते."

गणपतदादांनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "आता येवढ्या लांब आलीस तर ये. आज कोनाला जालत नाय आमी."

शेगडी चांगली होती. वर पत्र्याची शेड, खाली सिमेंटचा ओटा. गणपतदादा कौतुकाने हात लावून दाखवत होते. "पयले दोन बैलगाड्या लाकूड जायचं. आता निम्म्यात काम होतं. पावसातबी झटक्यात." सोनल लिहून घेत होती. मला हायसं वाटलं. एका गावाचं काम झालं, आता दुपारची गाडी मिळेल.

तेवढ्यात ती शेडच्या मागे गेली. तिथे लाकडाचा मोठा ढीग होता. मी म्हटलं, "बघ, साठाही करून ठेवलाय." तिने बुटाच्या टोकाने एक ओंडका हलवला. खालून वाळवीची माती सांडली.

"दादा, हे लाकूड कुणाचं?"

"कोनाचं नाय."

"म्हणजे?"

गणपतदादा माझ्याकडे वळले. मग तिच्याशी न बोलता माझ्याशी बोलले. "बाबा, तुमी सांगा पोरीला. तुमाला म्हाईत हाय."

मला माहीत होतं, पण तोवर डोक्यात आलं नव्हतं. आमच्या भागात मयत झालं की घरटी एक लाकूड येतं. कुणी बोलावत नाही, कुणी मागत नाही. प्रत्येक घरातला माणूस खांद्यावर एक ओंडका घेऊन येतो आणि ठेवतो. ज्या घरचं लाकूड आलं नाही ते घर मयताला आलं नाही, असा त्याचा अर्थ. पूर्वी ते सगळं लाकूड लागायचं. आता शेगडीला निम्मं पुरतं, पण घरं तेवढीच आहेत. लाकडंही तेवढीच येतात. उरलेलं मागे टाकतात.

"मग उरलेलं घरी का नाही नेत?" सोनलने विचारलं.

"मयतासाठी घरातून निघालेलं लाकूड परत घरात जात नाही बाळा," मी म्हटलं.

"मग पुढच्या वेळी ते वापरायचं."

यावर गणपतदादा चिडले. "पुढच्या वेळी म्हंजे कोनाच्या? माजी आय खाटेवर हाय. तिला जाऊन सांगू काय, तुजं लाकूड तयार हाय, ये म्हनून?"

"चुकलं दादा," सोनल म्हणाली. थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "पण घरटी थोडं थोडं कमी आणलं तर?"

"कोन आनील? पयला जो बारका दांडका घेऊन येल, त्याला गाव काय बोलेल? मेल्याच्या टायमालाबी हात आकडला, आसंच ना?"

ती तिथल्या दगडावर बसली. मला दिसत होतं की तिची नोकरी त्या ढिगावर बसलीय आणि तिला वाळवी लागतेय.

परतीच्या गाडीत आमचं वाजलं. मी म्हटलं, "जाळायला लाकूड कमी लागतं की नाही? लागतं. मग तेवढं लिही. खोटं कुठे आहे त्यात?"

"आजोबा, जाळायला कमी लागतं. पण तोडतात तेवढंच. मला तोडलेलं मोजायचं आहे."

"तुला कुणी सांगितलं ढिगामागे जायला?"

ती हसली नाही. खिडकीबाहेर बघत म्हणाली, "ते मागे जाऊन बघणंच शिकायला तुम्ही मला पाठवलंय."

दुसऱ्या दिवशी किन्हवलीच्या अंगाचं गाव. शहापूरहून किन्हवलीला जीप मिळते, माणसं मावतील तितकी भरतात, गुडघे दुखणाऱ्यांनी पुढची सीट मागून घ्यावी. तिथेही शेगडी, तिथेही मागे ढीग, त्यावर तर वेल चढलेले. एक म्हातारी शेळ्या घेऊन जात होती. सोनलला ढिगाभोवती फिरताना बघून ती उभी राहिली. "गो पोरी, लगीन झालं का तुजं?"

"नाही आजी."

"मंग मसनवट्यात काय नवरा शोधतंस? हितले समदे गेलेले हायत." आणि आपल्याच बोलण्यावर हसत पुढे गेली.

त्याच गावाच्या पलीकडे बौद्धवाडा आहे, त्यांचं स्मशान निराळं. सोनल तिथेही गेली. मला वाटलं, कशाला, शेगडी तर इकडे आहे. तिथे एक निवृत्त गुरुजी भेटले. त्यांनी चहा दिला, कैऱ्या कापून दिल्या. त्यांच्याकडे घरटी लाकडाची पद्धत नाही, वाड्याचा फंड आहे, त्यातून वखारीतलं लाकूड आणतात. म्हणजे शेगडीने खरोखर लाकूड वाचलं असतं ते इथे. सोनलने विचारलं, "तुम्ही मागितली नाहीत?"

"मागितली. गावात एक आहे असं उत्तर आलं." गुरुजींनी कपबशी खाली ठेवली. "गावात आहे. आम्हाला वापरायला आहे का, ते काही लिहिलं नव्हतं."

सोनलने ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. मी चहा संपवला आणि खाली बघत बसलो.

तिथून सरळगाववरून मुरबाडला आलो. मुरबाडच्या स्टँडजवळ जेवायची सोय ठीक आहे. तांदळाची भाकरी, सुकट आणि वालाचं बिरडं मिळालं. जेवण घरगुती, तिखट बेताचं, पोटाला त्रास झाला नाही. रात्री ओळखीच्यांकडे टेकलो आणि तिसऱ्या दिवशी धसईची गाडी धरली. हा रस्ता सुंदर आहे. समोर सह्याद्रीची भिंत उभी राहते आणि गाडी तिच्याकडे जात राहते. जाणाऱ्यांनी उजव्या बाजूला बसावं. मी मात्र रस्ताभर सोनलला बजावत होतो, "बायपुढे मसणातलं अवाक्षर काढायचं नाही. शिकते म्हणून सांग, बास."

बाय पडवीत खाटेवर होती. हात काड्यांसारखे, पोट मोठं, डोळे मात्र तेच. तिचा मुलगा भगवान आणि सून लता तिचं सगळं करतात. तिने सोनलला जवळ बसवलं, गालावरून हात फिरवला.

"काय शिकतंस गो?"

"लाकूड कसं वाचवायचं ते, आजी."

"चुलीचं?"

सोनलने माझ्याकडे बघितलं. मी खोकलो.

"मंग कसलं?"

मी पुन्हा खोकलो. बाय माझ्याकडे वळली. "तू खोकलास म्हंजे माजंच काय तरी हाय. सांग गो तू. याचं नको ऐकू, हा लहानपनापासून घाबरट."

आणि सोनलने सांगितलं. शेगडी, ढीग, वाळवी, घरटी लाकूड, सगळं. मी लताकडे पाणी मागितलं, मला ऐकायचं नव्हतं. बाय मात्र बी-बियाण्याचं बोलणं ऐकावं तशी ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "आमच्या गावाला मिळंल काय ती?"

"माझ्या रिपोर्टवर आहे आजी. आणि मी लिहिणार आहे की नुसती शेगडी देऊन उपयोग नाही. गावाने लाकूड कमी आणायचं ठरवलं तरच द्या."

"गाव कसं ठरवंल? मेल्याच्या दारात चिकट कोन होईल?" बाय थोडा वेळ आढ्याकडे बघत राहिली. "ते जाणाऱ्यानंच सांगाया पायजे."

मी म्हटलं, "बाय, पुरे." तिने ऐकलं नाही. माझं तिने कधीच ऐकलेलं नाही.

संध्याकाळी शेजारपाजारचे तिला बघायला येतात, तसे आले. पडवी भरली. बायने भगवानला उशीला टेकवून बसवायला सांगितलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "ऐका रे समदे. माज्या टायमाला घरटी हातभर लाकूड आनायचं. हातभर म्हंजे हातभर. कोनी ओंडका आनला तर मी सरणावरून उठून बसेन."

मग बरकू, समोरच्या घरचा, माझ्याहून थोडा लहान, म्हणाला, "मंग आमी ओंडकाच आनतो बाय. उठून बस आनि चहा टाक समद्यांना."

पडवीत हसू फुटलं. बायपण हसली, हसताना पोट धरून कळवळली. "बरक्या, तुज्या बायकोला विचार, तुला घरातला ओंडका उचलवतो काय ते." पुन्हा हसणं. लता पदर तोंडाला लावून आत गेली. मी बाहेर येऊन गोठ्यामागे उभा राहिलो.

सोनल मागून आली. मी तिला बोलायला नको ते बोललो. म्हटलं, "तुझ्या परीक्षेसाठी माझ्या बहिणीला तिच्या मरणाचा हिशोब करायला लावलास."

"मी मागितलं नाही आजोबा."

"पण लिहिणार तू!"

ती रडत होती. "तुम्ही सांगा. लिहू की नको?"

तिथे एक वासरू बांधलं होतं, त्याला उगाच खाजवत राहिलो.

परत आल्यावर तिने रिपोर्ट लिहिला. इंग्रजीत होता, मला तिने मराठीत सांगितला. शेगडीत लाकूड कमी जळतं हे खरं, पण गावात लाकूड कमी तुटत नाही. ज्या गावात किंवा वाड्यात लाकूड विकत आणतात तिथे शेगडी आधी द्यावी आणि तिथल्या सगळ्यांना वापरता यावी. जिथे घरटी लाकूड येतं तिथे गाव स्वतःहून लहान लाकडावर आलं असेल तरच द्यावी. असं एक गाव आहे, असंही तिने लिहिलं. बायचं नाव लिहिलं नाही.

कॉलेजात चांगले मार्क मिळाले. कारखान्याने कळवतो म्हटलं. पावसाळा गेला, गणपती गेले, कळवलं नाही. ती नोकरी मिळाली नाही. सोनल पुण्यातच एका लहान ऑफिसात लागली, कारखान्यांची वीज कुठे वाया जाते ते तपासायचं काम. पगार किती ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर झोप आली नसती. मी मात्र पावसाळाभर धुमसत होतो. पहिल्या गावातच ढिगामागे गेली नसती तर?

दिवाळी झाली आणि भातकापणीच्या दिवसांत सकाळी भगवानचा फोन आला.

आम्ही पोचलो तेव्हा माणसं खळ्यावरून, शेतावरून तशीच आलेली होती, कुणाच्या केसांत भाताचं कुसळ. सोनल पुण्याहून आली. ती बायकांबरोबर गावाच्या बांधावर थांबली, मी पुढे गेलो.

एकही घर विसरलं नव्हतं. प्रत्येकाच्या हातात कोपरापासून बोटांपर्यंतचं एक लाकूड. खांद्यावर कुणाच्या काही नाही. मोठी-मोठी माणसं हातात एवढं-एवढं लाकूड धरून चालताना मी आयुष्यात बघितली नव्हती. शाळेत पट्टी घेऊन निघाल्यासारखी दिसत होती. एक-एक जण येऊन ठेवत गेला.

आणि सगळ्यांना एकदमच दिसलं. शेगडी तर आलेली नाही. सरण जमिनीवर रचायचं होतं आणि ते गुडघ्यापर्यंतसुद्धा आलं नव्हतं.

भगवानने माझ्याकडे बघितलं. "मामा, आता काय?"

मला काय ठाऊक! कुणी तरी म्हणालं, खळ्याजवळ सागाचे दोन ओंडके पडलेत, आणा. दोघे निघालेही. बरकूने त्यांना अडवलं.

"ओंडका नाय. तिनं सांगितलंय."

"आरं, ती शेगडीचं धरून बोलली होती. शेगडी कुठाय?"

"शेगडीचं तिनं नाव घेतलं नाय. हातभर बोलली. मी तिथं बसलो होतो, तूबी होतास."

"मंग हिला अर्धी ठेवायची काय?"

तिरडी खाली ठेवलेली आणि माणसं भांडत होती. बरकू गावाकडे वळला. त्याच्यामागे दुसरा, मग तिसरा. बघता बघता स्मशान रिकामं झालं. बायजवळ मी, भगवान आणि दोघे-तिघे राहिलो.

बांधावरच्या बायका घाबरल्या, पुरुष परत का आले म्हणून. सोनलने मला नंतर सांगितलं की बरकूने फक्त "आजून एक एक" एवढंच म्हटलं आणि बायका धावत घरात गेल्या. फोडलेलं लाकूड आता उरलं होतं ते चुलीपुढचं. तेच आलं. प्रत्येक घरातून पुन्हा एक हातभर. तेवढ्यानेही भागलं नाही. पुन्हा सगळे गेले. तिसऱ्या वेळी मला राहवेना, मी भगवानला सांगून निघालो. बरकूच्या बायकोने माझ्या हातात लाकूड दिलं, ते एका टोकाला जळून काळं झालेलं होतं, नुकतंच विझवलेलं. "हेच हाय आता, मामा," ती म्हणाली. ते गरम होतं. मी ते दोन्ही हातांनी धरून नेलं.

मग बाय गेली. पूर्वी जायचं तेवढंच लाकूड गेलं असणार.

परत येताना जीपमध्ये मी सोनलला विचारलं, "मोजलंस?"

"नाही."

"का?"

"बायकांबरोबर लाकडं काढत होते आजोबा."

तिला मी गोठ्यामागे जे बोललो होतो, त्याबद्दल तिचा हात हातात घेतला, एवढंच जमलं.

तेराव्याला पुन्हा गेलो. पंगत उठल्यावर बरकू आमच्याजवळ येऊन बसला. सोनलला म्हणाला, "पोरी, आता आमच्या गावात हातभराचा कायदा झाला. बायनं पाडला. आता बारका दांडका घेऊन येनाऱ्याला कोन चिकट बोलनार नाय. पन ती शेगडी तेवढी पाठव. नाय तर पुढच्या टायमाला आमचे पाय जातील." लोक हसले. सोनलही हसली, बऱ्याच दिवसांनी. त्याच आठवड्यात तिने कारखान्याला पुन्हा लिहिलं. नोकरीबद्दल नाही, फक्त त्या गावाबद्दल आणि गुरुजींच्या वाड्याबद्दल. उत्तर अजून आलेलं नाही.

आता मी घरी आहे. धसईला जायचं असेल तर हेच दिवस चांगले, भात कापून झालेलं असतं, हवा स्वच्छ असते, डोंगर जवळ दिसतो. मुरबाडहून गाड्या आहेत. मला विचाराल तर जा. पण माझ्या डोक्यात डोंगर राहिलेला नाही. माझ्या डोक्यात गरम लाकूड राहिलं आहे. सोनलचा विषय म्हणजे काय, हे मला त्या वाटेने चालताना कळलं असं म्हणण्याइतका मी शिकलेला नाही. एवढंच कळलं की लाकूड कमी करणं हे लोखंडाचं काम नाही, कुणी तरी जिवंत असताना ते बोलून ठेवावं लागतं.

आणि ते मला जमत नाही. आमच्या गावात अजून ओंडकेच येतात. मी आता पंचाहत्तरीच्या पुढे. जेवताना दोनदा विषय काढला, मुलगा ताटावरून उठला. बाय हसत बोलली होती म्हणून लोकांनी ऐकलं. मी बोलायला गेलो की मला खोकलाच येतो आणि घरचे गोळ्या शोधायला लागतात.

म्हणून वाचणाऱ्यांना विनंती आहे. तुमच्या गावात, तुमच्या घरात कुणी असं बोलून ठेवलं असेल, तर त्यांनी सुरुवात कशी केली, कोणासमोर केली, पहिलं वाक्य काय होतं, ते मला कळवा. खाली लिहा, सूनबाई वाचून दाखवील. पण लवकर कळवा. विचारावं असं मोठं माणूस मला आता उरलेलं नाही.